वाळ्याच्या सहा ताट्या

मधुसूदन साहेबांना खरं म्हणजे समुद्रातल्या कासवांवर काम करायचं होतं. नागपूरला समुद्र नाही, ही अडचण त्यांच्या मार्गदर्शकांनी दोन वर्षांनी लक्षात आणून दिली. मग कुणीतरी सांगितलं की पारशिवनीच्या पुढे, ढवळघाटाशी, पेंच नदी रेतीत पसरते आणि तिथे नदीची कासवं अंडी घालतात. त्र्याऐंशीच्या मार्चात कॉलेजची जीप त्या रेतीत चाकं रुतवून उभी राहिली.

ती जिथे उभी राहिली ती रुपरावाची डांगरवाडी होती. नदी आटली की ढवळघाटचे ढिवर, एरवी मासे धरणारे, पात्रात उतरतात, रेतीत हातभर खोल खड्डे खणतात, शेणखत भरतात आणि टरबुजाचे वेल लावतात. पावसाळा येईपर्यंत मुक्काम तिथेच, पळसाच्या फांद्यांच्या खोपटीत. रुपरावाचे बापजादे हेच करत आले होते. जीपच्या पुढच्या चाकाखाली जो वेल आला त्याला मुठीएवढं फळ धरलं होतं.

"साहेब, वेल," रुपराव म्हणाला.

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. वेलानं माफी मागितली असा त्यांचा समज झाला असावा.

साहेबांजवळ शिक्क्याचा कागद होता. कागदाप्रमाणे रेतीचा वरचा अर्धा तुकडा कासवांचा झाला. त्यात अंड्यांची बारा घरटी सापडली. त्यांच्याभोवती तार ओढली गेली आणि तारेच्या आत आलेले रुपरावाचे चाळीस वेल उपटून बाहेर टाकले गेले. त्याबदली रुपरावाला राखणदार नेमलं. एक शिट्टी, एक वही आणि खोक्यात कापूस घालून ठेवलेली दोन थर्मामीटरं त्याच्या हवाली झाली. रुपराव चौथी पास होता. एवढ्या शिक्षणाचा सरकारला कधी उपयोग होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

बारा घरट्यांपैकी सहा उघडी ठेवायची होती. उरलेल्या सहांवर, बांबूच्या चार-चार पायांवर, वाळ्याच्या ताट्या. नागपुरात सदरच्या कचेऱ्यांमधून उन्हाळ्यात दारांना लावतात तशा, चांगल्या जाड विणीच्या. त्यांच्यावर दिवसातून तीनदा पाणी शिंपायचं.

"अंड्यायले ताटी?" रुपरावानं विचारलं. जन्मात त्याच्या डोक्यावर कुणी ओली ताटी धरली नव्हती.

तेवढ्यात अंजनाबाई, म्हणजे त्याची माय, शेणखताचं टोपलं खाली ठेवून तारेपाशी आली. साठीची बाई, पण नजर अशी की कोवळ्या वेलाकडे पाहिलं तर वेलानं फळ लपवावं.

"काहून करून राहिले गा हे सगळं?" तिनं साहेबांनाच विचारलं.

साहेब खूश झाले. कॉलेजात त्यांना असं कुणी विचारत नसे. "आजी, अंड्यातून नर निघणार की मादी, ते पाहायचं आहे."

"मंग निंगल्यावर पाहा. शेपटी उचलली का समजते. बकरीच्या पिल्लाचं नाई समजत?"

"कासवाचं नाही समजत. बाहेरून दोन्ही सारखीच. पाच-सात वर्षांचं झालं की शेपटीच्या लांबीवरून कळतं."

"पाच-सात वर्सं!" अंजनाबाईनं गालावर हात ठेवला. "तवपावतर त्याच्या मायनं लोकायले काय तोंड दाखवावं?"

साहेबांनी हे वहीत टिपलं नाही. ते म्हणाले, "गंमत अशी आहे आजी, की अंडं घातलं जातं तेव्हा आत काहीच ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. वाळू तापली की सगळ्या माद्या. थंड राहिली की सगळे नर."

"म्हणजे आत ना पोट्टा ना पोट्टी?"

"बरोबर."

"आन् ठंडाव्यात ठेवलं तर पोट्टे?"

"नर. हो. समुद्रातल्या कासवांवर तर हे सिद्धच झालंय."

अंजनाबाई वळली. प्रवाहाकडून तिची सून गोपिका येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं भरलेला पितळेचा गुंड, पोट सहा महिन्यांचं. तापलेल्या रेतीचा चटका चुकवायला ती पाऊल टेकताच उचलत होती, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती नाचत येतेय असं वाटलं असतं. तिच्यामागे ओळीनं तिघी पोरी. नऊ वर्षांची कौशल्या, सहाची सुभद्रा, आणि तिसरी, जिचं नाव ठेवायचं राहून गेलं ते गेलंच. तिला लहानी म्हणत.

अंजनाबाईला तीन पोरींचा उलगडा तिथेच झाला. कौशल्याच्या वेळी सून डांगरवाडीत होती. सुभद्राच्या वेळी वीटभट्टीवर. लहानीच्या वेळी तेंदूपत्ता तोडायला, ऐन वैशाखात, रानात. दहा वर्षं तिनं देवऋषी केले, गंडे बांधले, आणि कारण डोक्यावर तळपत होतं.

"सूर्व्या माथ्यावर घेऊन फिरली," ती पुटपुटली, "मंग पोट्ट्याच होतीन नाई तं काय."

या वेळचं प्रकरण साधं नव्हतं. होळीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, अंजनाबाईनं सांगून टाकलं होतं: चौथीही पोरगी झाली तर पारशिवनीहून जयवंता आणायची. जयवंता म्हणजे तिच्या भावाची मुलगी, लग्नाचं वय उलटून चाललेली. गोपिकेनं मग ढोरांच्या कोठ्यात निजावं, नाहीतर पोरी घेऊन माहेर गाठावं. माहेरात तिचं कुणी उरलं नव्हतं. दुसरी बायको कायद्यात बसत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कायदा पारशिवनीपर्यंत मोटारीनं येई. पुढे नदी होती.

जीपची धूळ बसायच्या आत अंजनाबाई तारेखालून सरपटत आत गेली आणि एक ताटी डोक्यावर घेऊन आली.

"माय, ती सरकारी हाय!" रुपराव ओरडला. त्यानं शिट्टी तोंडात घातली, पण मायवर शिट्टी कशी वाजवावी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सरकारले काय पोट्टे पाहिजेत?" अंजनाबाई म्हणाली. "धर तिकडून."

*

एप्रिल लागेपर्यंत सहाच्या सहा ताट्या खोपटीवर आल्या. दोन छपरावर, चार चहूबाजूंनी. गोपिकेला आत बसवलं. उठायचं नाही, उन्हात यायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही.

गोपिकेला पहिल्या दिवशी काही सुचेना. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि दुपारी बसणं म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तिनं दोरी वळली. दोरी संपली तेव्हा लुगड्याचा फाटका काठ शिवला. मग हात मांडीवर ठेवून ती आपल्या पायांकडे पाहत बसली. तळव्यांना भेगा होत्या, भेगांत रेती होती. पाण्यानं ताट्या भिजल्या की वाळ्याचा वास सुटे आणि वारा आत येई तो गार होऊन येई. बाहेर माणसं चुलीत घातल्यासारखी काळी पडत होती.

"आत्याबाई, मी उचलतो नं दोन गुंड," ती म्हणाली.

"गुपचूप बैस वं," अंजनाबाई म्हणाली. "तू आता अंडं हायस."

पाणी मात्र कुणीतरी आणायला हवं होतं. टरबुजाच्या उरलेल्या वेलांना दोन वेळा, ताट्यांना तीन वेळा. प्रवाह धरणानं बांधल्यापासून दूर सरकला होता, तीनशे पावलांवर. गोपिका बसली म्हणून तिचा गुंड कौशल्याच्या डोक्यावर आला, कौशल्याची घागर सुभद्राच्या. लहानीला तांब्या दिला. तिघी ओळीनं जायच्या, ओळीनं यायच्या आणि होणाऱ्या भावाला गार ठेवायला ताट्यांवर पाणी मारायच्या. वाळ्याच्या फटींतून गोपिकेला त्यांचे पाय तेवढे दिसत. तेही टेकताच उचलले जात होते.

घरट्यांवर आता बांबूचे नुसते पाय उभे होते. रुपराव दिवसातून तीनदा तारेच्या आत जाई, थर्मामीटर रेतीत खुपसे, पाहून दचके आणि वहीत लिही: सावली, २८. साहेबांनी पहिल्या दिवशी नमुना म्हणून हाच आकडा लिहून दिला होता. रुपरावाचं अक्षर वळणदार होतं. अठ्ठावीस तर तो फारच छान काढू लागला.

साहेब शनिवारी येत. म्हणून शुक्रवारच्या उतरत्या उन्हात ताट्या परत घरट्यांवर जायच्या आणि रेतीवर तीस-चाळीस गुंड पाणी ओतलं जायचं. शनिवारी साहेब स्वतः थर्मामीटर लावत. अठ्ठावीसच येई.

"शाब्बास, रुपराव," साहेब म्हणत. "कॉलेजातल्या पोरांना एवढं जमत नाही."

रुपराव मान खाली घाली. त्याचा नम्रपणा साहेबांना फार आवडे.

मंगळवार हा पारशिवनीच्या बाजाराचा दिवस. अंजनाबाई आणि रुपराव बैलबंडीत टरबुजं भरून जात, ते दिवस कलताना येत. मंगळवारी गोपिका पोरींना हाक मारी. "या वं, अंदर या."

"आजीनं सांगतलं, दुपारून पाणी माराचं," कौशल्या म्हणाली. थोरल्या पोरींत असतो तसा तिच्यात हवालदार होता.

"आजी पारशिवनीत हाय. ये."

तिघी आत आल्या. खोपटीत चौघींना बसायला जागा नव्हती, म्हणून एकमेकींवर पाय टाकून पडल्या. गोपिकेनं कौशल्याचं डोकं मांडीवर घेतलं. टाळूवरचे केस चुंबळीनं झिजून विरळ झाले होते, तिच्या स्वतःच्या टाळूवर होते तसेच.

"माय, अंदर भाऊ हाय का?" सुभद्रानं पोटाला कान लावला.

"मले काय मालूम."

"साहेबाले मालूम हाय?"

"साहेबाले कासवाचं मालूम हाय."

"मंग आपण काहून बसलो ताटीत?"

गोपिका हसली. "कारण बाहेर ऊन हाय, येडे."

*

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी साहेब कामं आटोपून रुपरावासोबत खोपटीच्या मागच्या अंगाला, पळसाच्या टीचभर सावलीत उभे राहिले. ताट्या घरट्यांवर गेलेल्या, त्यामुळे खोपटीला नुसत्या फांद्याच होत्या. आत गोपिका घामानं भिजून बसली होती. तिला दोघांचं बोलणं शेजारी बसल्यासारखं ऐकू आलं.

"तुझी बायको गरोदर दिसते," साहेब म्हणाले. "आमच्याकडेही आठवा महिना चालू आहे. मातोश्रींनी रामटेकला नवस बोललाय. आज तिकडूनच जाईन म्हणतो. आपला काही विश्वास नाही, पण जीप त्याच वाटेनं जाते."

रुपरावानं धीर केला. "साहेब, एक इचारू? बाईमाणसाले ठंडाव्यात ठेवलं, तं पोरगं होते का?"

साहेब मोठ्यानं हसले. "अरे, ते कासवांचं! माणसात पहिल्या दिवशीच सगळं ठरतं. आणि ते बापाकडून ठरतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडून. बाईचा त्यात काडीचा संबंध नाही. तिच्याकडून जे येतं ते दर वेळी सारखंच. मुलगा की मुलगी, ते तू जे देशील त्यावर."

 रुपरावानं मागे-पुढे पाहिलं. माय लांब वेलांना खत घालत होती.

"तिन्ही पोरी माह्याकडून?"

"तिन्ही."

"साहेब," रुपराव खालच्या आवाजात म्हणाला, "हे मायले नका सांगजा."

"मी कशाला सांगू?" साहेब म्हणाले आणि घड्याळ पाहून रामटेकला निघाले.

रात्री भाकरीला बसण्याआधी गोपिकेनं नवऱ्याला विचारलं, "साहेब काय म्हणून राहिला होता?"

"कासवाचं."

"आजून?"

"आजून काय?" रुपराव म्हणाला. "त्याले दुसरं काय येते?"

 ऐकलेलं गोपिकेनं पदराच्या गाठीत बांधल्यासारखं ठेवून दिलं. आज बोललं तर ताट्या जातील, हे तिला कळत होतं. गाठ सोडायची वेळ आली तर सोडू. दुसऱ्या दिवशी ताट्या परत आल्या आणि ती आत बसली. फरक एवढाच की आता कौशल्याचे पाय फटीतून दिसले की ती डोळे मिटून घेई.

*

मेच्या अखेरीस अंडी फुटली. तार लावलेली असल्यानं पिल्लं पाण्यापर्यंत जाऊ शकली नाहीत. तारेला नाकं लावून, रुपयाएवढी, एकावर एक चढत राहिली. मोजून एकाहत्तर.

साहेब या वेळी बुधवारी आले, पण अंडी फुटल्यावर ताट्या मुकाट जागेवर गेल्याच होत्या. बरोबर टेबल, पांढऱ्या चिनीचे ट्रे, बरण्या, चिमटे आणि एक सूक्ष्मदर्शक होता. पोरी टेबलाभोवती जमल्या.

"साहेब, नाव ठेवणार का त्यायची?" लहानीनं विचारलं. तो विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता.

"नंबर ठेवणार," साहेब म्हणाले.

बाहेरून कळत नाही म्हणून आतून पाहायचं होतं. साहेबांनी पहिलं पिल्लू औषधाच्या बरणीत टाकलं, ते निपचित झालं तसं उलटं करून ट्रेत ठेवलं आणि पोटाच्या कडेनं कातरी फिरवली. मग चिमट्यानं तांदळाच्या कणीहून बारीक काहीतरी काढून काचेवर ठेवलं आणि डोळा लावला. लहानी रुपरावाच्या पायामागे गेली. कौशल्या हलली नाही.

"एक. उघडं घरटं. मादी," साहेब म्हणाले. रुपरावानं लिहिलं.

उघड्या सहा घरट्यांची झाली. सगळ्या माद्या. साहेबांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी चहा मागवला, प्याले आणि ताटीखालच्या घरट्यांना हात घातला.

"सदतीस. ताटी. मादी." ते थांबले. काच पुसली. "मादीच. अडतीस... मादी."

पंचेचाळिसाव्याला त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू काढून परत बसवला. साठाव्याला कपाळाचा घाम ट्रेत पडला. एकाहत्तरही माद्या निघाल्या. एकाहत्तर पोटं फाडून ट्रेत ओळीनं ठेवलेली होती आणि मुंग्यांना पत्ता लागला होता.

"वही दे," साहेब म्हणाले. वहीत अडीच महिने अठ्ठावीस होते, एकसारखे, वळणदार. त्यांनी रुपरावाकडे पाहिलं. रुपराव पावसाची चिन्हं पाहत होता.

"म्हणजे या जातीत तापमानाचा परिणामच होत नाही," साहेब हळूच म्हणाले आणि तसं लिहून टाकलं.

त्या रेतीवर प्रयोगाचा खरा अर्थ एकाच माणसाला कळला होता. अंजनाबाई खोपटीत गेली आणि सुनेच्या कानाशी वाकली. चेहरा दिवाळीचा.

"आयकलं का? साऱ्या माद्या! ताटी नोयती नं त्यायच्यावर. ताटी तं तुह्यावर होती." तिनं सुनेच्या पोटावरून हात फिरवला. बारा वर्षांत पहिल्यांदा. "आता पाय तू."

*

दहा जूनला, गावातल्या घरी, गोपिका बाळंत झाली. साहेबांना जे पाहायला कातरी, काच आणि आख्खा दिवस लागला, ते दाई सिंधूताईला एका नजरेत दिसलं.

"पोट्टी," ती म्हणाली, आणि नाळ कापायला खाली वाकली.

अंजनाबाई उंबऱ्यावर बसून होती. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. ती हिशेब करत होती. मग म्हणाली, "शनवार. दर शनवारी काढा लागे नं ताट्या. त्या शनवारानंच घात केला." आणि रुपरावाकडे वळून, "उद्या पारशिवनीले जाजो. मामाले सांगजो."

गोपिका भिंतीला धरून उठली. अंगावरचं लुगडं अजून बदललेलं नव्हतं.

"आत्याबाई, साहेबानं सांगतलं होतं. बाप देते ते होते. बाईच्या हाती नसते. इचारा यायले."

अंजनाबाईनं मुलाकडे पाहिलं. रुपराव खुंटीवरच्या शिट्टीकडे पाहत होता.

"रुपा, असं म्हणे गा साहेब?"

"नाई बा," रुपराव म्हणाला. "साहेब असा काहून बोलन?"

"मी कानानं आयकलं!"

"वली बाळंतीण हाय," रुपराव मायला म्हणाला. "भरमते."

गोपिका खाली बसली. बोलली ते फक्त एवढंच: "साहेब येईन तवा इचारू. तवपावतर थांबा."

अंजनाबाई थांबली. न्यायी बाई होती, आणि साहेबाच्या शब्दाला मान देत होती.

जुलैच्या पहिल्या हप्त्यात साहेब थर्मामीटरं न्यायला आले. नदीला पाणी होतं, म्हणून जीप पलीकडे ठेवून डोंग्यातून उतरले. हातात मिठाईचा लहान डबा होता. रुपरावाच्या घरी ओसरीवर टेकले आणि डबा उघडून पुढे केला. बर्फी होती. नागपूरकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी.  महिन्याभरात साहेब दोन वर्षांनी म्हातारे झाले होते.

गोपिका तान्हीला घेऊन दारात आली. कौशल्या मागे.

"साहेब," अंजनाबाई म्हणाली, "एक न्याव करा. आमची सून म्हणते, पोरगी होनं बापाच्या हाती हाय, बाईचा काई कसूर नाई. तुमी सांगतलं म्हणते. खरं हाय का?"

साहेबांनी रुपरावाकडे पाहिलं. रुपरावानं हात जोडले नव्हते, पण तसा उभा होता. साहेबांनी मग दाराकडे पाहिलं. तिथून गोपिका त्यांच्याकडे अशी पाहत होती की त्यांना घरच्या ओसरीवर बसलेल्या मातोश्री आठवल्या असाव्यात, आणि आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली बायको. एका शब्दाचं काम होतं. त्यांनी बर्फीच्या डब्याचं झाकण लावलं.

"त्यावर अजून," ते म्हणाले, "संशोधन चालू आहे."

आणि उठले. थर्मामीटरं घेतली, वही घेतली. ताट्या पावसानं फुगल्या होत्या, त्या डोंग्यात मावल्या नाहीत.

"ठेव तुझ्याकडेच," ते रुपरावाला म्हणाले.

*

जयवंता दिवाळीनंतर आली. दुसऱ्या मार्चात डांगरवाडी पुन्हा रेतीत उतरली. तार नव्हती, साहेब नव्हते, सगळा तुकडा परत रुपरावाचा झाला होता. साहेबांना पदवी मिळाल्याचं कानावर आलं. गोपिका कोठ्यात निजत होती. पण काम करणारी म्हणून तिला रेतीवर आणलं होतं. जयवंताला चौथा लागला होता.

सहा ताट्या पहिल्याच दिवशी खोपटीला लागल्या. या वेळी शनिवारची भानगड नव्हती, म्हणून अंजनाबाईनं त्या काथ्यानं घट्ट बांधून टाकल्या.

पाणी गोपिकेकडे होतं. कोळशासारखी झालेली, पाठीला तान्ही बांधलेली, ती प्रवाहाहून गुंड आणी आणि ताट्यांवर मारी. मागे कौशल्या, सुभद्रा, लहानी. चटका चुकवत, ओळीनं.

एका दुपारी माय-लेक बाजाराला गेले होते. गोपिकेनं गुंड रिकामा केला तेव्हा आतून जयवंता हळूच म्हणाली, "बाई, तुमी या नं अंदर घडीभर. मले असं बसाची लाज वाटते."

"राहू दे."

"बाई, एक इचारू? खरंच होते का असं ठंडाव्यानं? पोट्टा?"

गोपिका थांबली. वाळ्याच्या फटीतून तिला जयवंताचे पाय दिसले. भेगा होत्या, भेगांत रेती होती. बारीक काळे पाय एकमेकांवर ठेवलेले, गारव्यात असे टेकलेले की त्यांना बहुधा पहिल्यांदाच टेकू दिलं होतं. पाच महिने उरले होते. मग हीच पोरगी हाच गुंड उचलणार होती, कदाचित तिसऱ्या बायकोच्या ताट्यांसाठी.

"होते," गोपिका म्हणाली. "बैस चूपचाप. उठू नको."

तिनं चुंबळ नीट केली, पाठीवरच्या पोरीच्या डोक्यावर पदर ओढला आणि पोरींना हाक मारून पुन्हा नदीकडे वळली. ताट्या अर्ध्याच भिजल्या होत्या.